कसाट्याचा खालचा थर

शहागंजातल्या 'मौसम आईस्क्रीम'मध्ये हिमांशू कॅमेरा घेऊन आला, त्या दुपारी फहमिदा कितीतरी महिन्यांनी दुकानात येऊन बसली होती. हिवाळ्यात तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर ती जालन्याला लेकीकडं राहिली. लेकीनं तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. आता हात चालत होता, पण खांद्याच्या वर जात नव्हता. घर दुकानाच्या वरच्याच मजल्यावर. तिथं एकटीनं बसून करायचं काय, म्हणून ती जिना उतरून खाली आली आणि पंख्याखालच्या खुर्चीवर टेकली.

हिमांशू म्हणजे समर्थनगरच्या श्रीधररावांचा मुलगा. वाळूजच्या एका कंपनीत इंजिनिअर होता आणि सुट्टीच्या दिवशी शहरातल्या जुन्या खाण्यापिण्याच्या जागांचे व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकायचा. 'मौसम'चा कसाटा त्याची आजी खायची, बाप खायचा, तोही खातच मोठा झाला. तेव्हा कधी ना कधी तो इथं येणारच होता.

"चाचा, पहिल्यापासून सांगा," तो हबीबला म्हणाला.

हबीब, फहमिदाचा नवरा, सकाळपासून इस्त्रीचा कुर्ता घालून तयार होता. त्याला बोलायची हौस दांडगी.

"आमचे अब्बा जवानीत मुंबईला एका हॉटेलात भांडी घासायला होते. तिथला एक खानसामा कसाटा करायचा, त्याच्याकडून शिकले. खाली केक. त्याच्यावर पांढरं व्हॅनिला, मग गुलाबी स्ट्रॉबेरी, मग हिरवा पिस्ता, वरून काजू-बदामाचा चुरा. एकेक थर गोठवायचा, मग दुसरा घालायचा. घाई केली की रंग रंगात उतरला. शहागंजात हे दुकान टाकलं तेव्हा लोकांना काडीची कुल्फी माहीत होती, मटक्यातली माहीत होती. हे बघून लोक विचारायचे, हा साबण आहे का?"

हिमांशू हसला. मग त्यानं स्वतः वाचून आलेलं सांगितलं. इटलीतल्या एका बेटावर कसाटा नावाचा केक करतात, आणि नेपल्स शहरातून परदेशी गेलेल्या लोकांनी तीन रंगांचं आईस्क्रीम जगभर नेलं. काही जण म्हणतात, नाव मुळात अरबी, वाडग्याला जो शब्द आहे त्यावरून पडलेलं.

"अरबी?" हबीब खूश झाला. "म्हणजे फिरून फिरून घरीच आलं म्हणायचं."

"आणि आजीची गोष्ट?"

ती गोष्ट हबीब प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. यमुनाबाई, म्हणजे हिमांशूची आजी, तेव्हा तरुण होत्या. लहानग्या श्रीधरला घेऊन दुकानात आल्या आणि दोन कसाटे मागितले. अब्बांनी बशी पुढं ठेवली आणि यमुनाबाईंनी चमचा उचलला तसं त्यांच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडं, नऊवारीकडं बघून अब्बाच म्हणाले, "बाई, खालच्या केकमध्ये अंडं आहे हां." यमुनाबाईंनी चमचा खाली ठेवला. काही बोलल्या नाहीत, पण पोरगं रडायला लागलं आणि त्या तशाच उठून गेल्या. ते अब्बांच्या मनाला लागलं. त्यांनी दही आणि सोड्यावर केक करून बघितला, तो बसला. दुधाची पावडर घालून बघितला, तो दगड झाला. दोन्ही मिळून एकदाचा जमला, तेव्हा पहिला तुकडा श्रीधरच्या वडलांच्या हाती समर्थनगरला धाडला. तेव्हापासून 'मौसम'च्या कसाट्यात अंडं पडलं नाही.

"लोकांना अजून हाच का लागतो, चाचा? आता तर कितीतरी तऱ्हा निघाल्यात."

हबीबनं विचार केला. "एक आईस्क्रीम घेतलं तर बाकीच्यांकडं बघून जीव चुटपुटतो. ह्याच्यात तसं नाही. सगळं एका बशीत. कोणी हिरव्याकडून सुरू करतं, कोणी गुलाबी राखून ठेवतं, कोणी चमचा उभा घालून सगळं एकदम खातं. नवरा-बायको एक तुकडा वाटून खाताना भांडतात, ते मी रोज बघतो. लग्नात फॉइलचा कागद उलगडला की म्हातारा माणूसपण लहान होतो."

आत बासित, त्यांचा मुलगा, तुकडे कापत होता. हिमांशूनं कॅमेरा त्याच्याकडं वळवला. "आणि आजही अंडं नाही?"

"नाही," बासित सुरीकडं बघत म्हणाला. "आजही नाही."

त्यानं एक तुकडा हिमांशूला दिला. सून आदीबा वरून चहा घेऊन आली होती, तिनं दुसरा उचलून सासूपुढं धरला. "अम्मी, तुम्ही कितीतरी दिवसांत खाल्ला नाही."

फहमिदानं चमचा खालच्या थरापासून घातला. लग्न होऊन आली तेव्हापासून हा थर तीच करत आली होती. आधी सासूच्या हाताखाली, मग एकटीनं. तिचा केक गारठला की जिभेवर रव्यासारखा विरघळायचा. हा विरघळला नाही. स्पंजासारखा दबला आणि परत फुगला. तिनं आणखी एक घास घेतला. वासाला पुष्कळ व्हॅनिला घातलेला होता, पण त्याच्याखाली दुसरा वास होताच.

तिनं बशी खाली ठेवली. हिमांशू विचारत होता, "चाची, कसा झालाय?" ती म्हणाली, "थंड आहे." सगळे हसले.

हबीबला कळण्याचा प्रश्नच नव्हता. साखरेच्या आजारामुळं त्यानं स्वतःच्या दुकानातलं आईस्क्रीम कैक वर्षांत तोंडात घातलं नव्हतं.

संध्याकाळी बासित जेवायला वर आला तेव्हा फहमिदानं आदीबासमोरच विचारलं, "केक कुठून येतो?"

"सांगितलं होतं की. वाळूज रोडच्या बेकरीतून. तुमचं ऑपरेशन झालं, आदीबाला तेव्हा जमत नव्हतं..."

"अंड्याचा आहे."

बासितनं हात धुतला, पुसला, पुन्हा धुतला. मग खाली बसला.

"पहिल्यांदा बिनअंड्याचाच सांगितला होता, अम्मी. कसम. दोन महिने तसाच आला. त्याचा चुरा व्हायचा, कापताना सगळा सांडायचा. तो बेकरीवाला म्हणाला, हा घेऊन बघ, सगळे हाच घेतात. घेतला. लोक म्हणाले, पहिल्यापेक्षा छान झालाय. लग्नाच्या ऑर्डरी वाढल्या. मग... मग राहून गेलं."

"आणि आज त्या पोरापुढं नाही म्हणालास."

"काय म्हणणार होतो? कॅमेऱ्यासमोर?"

"यमुनाकाकूंना दर रविवारी जातो हाच?"

बासितनं ताट बाजूला सरकवलं. आदीबानं चमकून नवऱ्याकडं बघितलं. तिलाही माहीत नव्हतं, हे फहमिदाला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

यमुनाबाई आता अंथरुणाला खिळलेल्या होत्या. अन्न गिळवत नव्हतं. पेज, दूध आणि रविवारी श्रीधर घेऊन जायचा तो कसाटा, एवढंच पोटात जायचं. एकादशीला दूधसुद्धा देवाला दाखवून घेणारी ती बाई गेले कितीतरी रविवार अंडं खात होती, तेही 'मौसम'च्या विश्वासावर.

"सांगायला पाहिजे," फहमिदा म्हणाली.

"नक्को, अम्मी." बासितचा आवाज बदलला. "तुम्हाला बाहेरचं वातावरण माहीत नाही. आपण चुकीनं केलं असं कोणी म्हणणार नाही. मुद्दाम केलं म्हणतील. आपलं नाव बघतील आणि मुद्दाम म्हणतील. एक व्हिडिओ फिरला की दुकान गेलं. अब्बांना हे सहन होईल? उद्यापासून बेकरी बंद करतो. आदीबा करेल, तुम्ही बसून सांगा. झालं गेलं संपलं. म्हातारीला माहीत नाही, तिचं काही बिघडलं नाही."

त्याचं म्हणणं सगळं खोटं नव्हतं. फहमिदालाही भीती वाटली. तिनं मान हलवली आणि उठून भांडी आवरायला लागली, डाव्या हातानं.

दुसऱ्या दिवशी सासू-सुना केकला बसल्या. फहमिदानं दह्यात सोडा फुलू दिला, मैदा कधी घालायचा ते सांगितलं, आदीबानं फेटलं. पहिला घाणा करपला, दुसरा बरा उतरला. पण उन्हाळा होता, त्यात हिमांशूचा व्हिडिओ हजारो लोकांनी पाहिला होता. दौलताबादहून, पैठणहून लोक शोधत यायला लागले. मामा-मावश्यांची पिढी पोराबाळांना घेऊन यायची, आम्ही लहानपणी इथं यायचो म्हणून सांगायची. घरचा केक पुरेना. बासितनं मधला रस्ता काढला: दुकानाला बेकरीचा, यमुनाबाईंच्या तुकड्याला घरचा. "उन्हाळा उतरू द्या, मग सगळाच घरचा करू," तो म्हणाला. फहमिदानं हेही मान्य केलं. दुकानातून लोकांच्या बोलण्याचा आवाज वर यायचा, तो तिला ऐकवेना. ती दारं लावून घ्यायची.

रविवारी श्रीधर आला. बँकेतून निवृत्त झालेला, मितभाषी माणूस. डबा घेतला आणि गेला. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा फहमिदा खालीच होती.

"भाभी, एक सांगायचं होतं," तो डबा पुढं करत म्हणाला. "मागच्या रविवारी आईनं सगळा तुकडा संपवला. म्हणाली, आज पहिल्यासारखा लागला. मधे काही महिने चव वेगळी लागत होती, तिला वाटलं आपली जीभच गेली. फार खूश होती. तुम्ही परत आलात ना, तुमच्याच हातचा असणार. मी तिला तेच सांगितलं."

फहमिदानं गल्ल्याला हात टेकला. बाजूला हबीब हसत ऐकत होता. त्याला बायकोचं कौतुक ऐकायला आवडायचं. आत बासितची सुरी थांबली होती.

"श्रीधरभाऊ," ती म्हणाली, "मधे काही महिने केक बाहेरून येत होता. त्यात अंडं होतं. मला परवा परवा कळलं. कळल्यावर तुम्ही एकदा येऊन गेलात, तेव्हा मी बोलले नाही. काकूंच्या तुकड्यात आता नाही. पण बाकीच्यांच्यात आजही आहे."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. श्रीधरचा चेहरा लाल झाला नाही, पांढरा पडला. त्यानं रिकामा डबा उघडून बघितला, जणू आत काही निघेल. मग तो झाकून काउंटरवर ठेवला.

"बरं," तो म्हणाला. "बरं, भाभी." आणि रस्ता ओलांडून गेला. त्याची स्कूटर सुरू व्हायला वेळ लागला.

हबीब बायकोकडं वळला. "काय बोललीस तू?"

तिनं पुन्हा सांगितलं. या वेळी बासित बाहेर येऊन उभा राहिला होता. हबीब ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं गिऱ्हाइकांच्या हातातल्या बश्या मागून घेतल्या, माफी मागितली आणि शटर ओढलं. मग अर्धवट अंधारात खुर्चीवर बसून राहिला.

"व्हिडिओत मी किती बोललो," तो म्हणाला. "अब्बांचं नाव घेऊन बोललो."

दुसऱ्या दिवशी त्यानं एका पुठ्ठ्यावर स्वतःच्या हातानं मराठीत आणि उर्दूत लिहिलं, की गेले काही महिने आमच्या कसाट्याच्या केकमध्ये अंडं होतं, आम्ही ते सांगितलं नाही, चूक आमची आहे. बासित त्याच्या हातून पुठ्ठा ओढून घ्यायला गेला.

"अब्बा, तुम्ही आपल्या हातानं आग लावताय."

"लागलेलीच आहे. मी फक्त सांगतोय," हबीब म्हणाला आणि पुठ्ठा दारावर टांगला.

बासितला भीती होती तेच झालं. दुपारपर्यंत पुठ्ठ्याचा फोटो मोबाइलवर फिरला. त्याखाली काय काय लिहिलं होतं ते बासित आईला वाचून दाखवेना, आदीबानं एकदा वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. दौलताबादच्या लग्नाची ऑर्डर रद्द झाली, मग आणखी दोन. एका संध्याकाळी काही तरुण पोरं दारात येऊन घोषणा देऊन गेली. शेजारचे कापडवाले पुंडलिकशेठ बाहेर येऊन त्यांच्याशी बोलले म्हणून काच वाचली. चौकीतला हवालदार सांगून गेला, थोडे दिवस बंदच ठेवा. हिमांशूनं आपला व्हिडिओ काढून टाकला. त्याला लोक फार बोलले होते. त्यानं हबीबला फोन केला नाही, आणि हबीबनंही त्याला केला नाही.

घरात बासित आईशी बोलेनासा झाला. ताट समोर आलं की जेवायचा आणि उठायचा. एकदाच म्हणाला, "श्रीधरकाकांना एकट्याला बाजूला नेऊन सांगता आलं असतं." फहमिदाला ते पटलं. तसं करता आलं असतं. पण तेव्हा ती बोलली नसती तर पुढं कधीच बोलली नसती, हेही तिला माहीत होतं.

दुकान बंद असतानाच एका सकाळी हिमांशू जिन्यानं वर आला. उंबऱ्याच्या आत आला नाही.

"चाची, आजी बोलावतीये."

"त्यांना सांगितलं?"

"बाबांनी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण रविवार गेले, कसाटा आला नाही, तिनं विचारायचं सोडलं नाही. शेवटी सांगावं लागलं." तो जिन्याकडं वळत म्हणाला, "दोन दिवस पाणीसुद्धा घेतलं नाही तिनं."

दुकान बंद होतं तरी हात बसावा म्हणून आदीबा घरच्या केकचा कसाटा करत होती, त्यातला एक तुकडा फहमिदानं डब्यात घेतला. घ्यावा की नाही, हे तिला कळत नव्हतं, तरी घेतला. हिमांशूच्या गाडीवर बसून ती समर्थनगरला गेली.

यमुनाबाईंची खोली स्वच्छ होती, खिडकीत तुळस. अंथरुणात त्या एवढ्याशा झाल्या होत्या. श्रीधरनं फहमिदाला खुर्ची दिली आणि दारापाशी उभा राहिला.

"काय गं, आलीस?" यमुनाबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण तुटक नव्हता.

"काकू, मी..."

"थांब. मला आधी बोलू दे, मग दम पुरत नाही." त्यांनी श्वास घेतला. "तुझ्या सासऱ्यानं मला घास घ्यायच्या आधी सांगितलं होतं. तू नंतर सांगितलंस. हा फरक आहे की नाही?"

"आहे, काकू."

"आयुष्यभर सांभाळलेलं शेवटाला गेलं. लोकांना वाटतं, म्हातारीला काय कळतंय. मला फार लागलं, फहमिदा. आईच्या हाताखाली वाढले तेव्हापासूनचं होतं ते." त्या थांबल्या. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडं उतरलं, ते पुसायला त्यांचा हात वर येईना. फहमिदानं पदरानं पुसलं. यमुनाबाईंनी पुसू दिलं.

"मला सांगितलं नसतंस तर मी सुखानं गेले असते. पण फसूनच गेले असते. त्यातलं बरं कुठलं, ते मला काय ठरवता येईना बाई. रोज इथं पडून तेच बघते."

"मलाही ठरवता येत नाही, काकू."

"डब्यात काय आहे?"

"घरचा. सुनेनं केलाय. केक माझ्यासमोर झाला."

यमुनाबाईंनी डब्याकडं बराच वेळ बघितलं. "खोटं बोलत नाहीस, माहीत आहे मला. पण आता माझ्यानं खाववणार नाही. ने परत. रागानं म्हणत नाही, तोंडच वळत नाही." मग जरा वेळानं, "हबीबला म्हणावं, पाटी लावलीस ते तुझ्या बापाला शोभलं. आणि तू लगेच उठू नको. बस इथं."

फहमिदा दुपारपर्यंत बसली. यमुनाबाई मधूनच डोळे मिटायच्या, मधूनच काही विचारायच्या, खांदा कसा आहे, लेक जालन्यात सुखी आहे का. निघताना श्रीधर फाटकापर्यंत आला. त्यानं तिच्यासाठी फाटक उघडून धरलं. डब्यातलं आईस्क्रीम पार वितळून गेलं होतं.

श्रावणात यमुनाबाई गेल्या. हबीब आणि फहमिदा दोघं गेले, अंगणात इतरांबरोबर उभे राहिले. श्रीधरनं हबीबचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. त्यानंतर तो दुकानात आला नाही. गुलमंडीत एकदा भाजी घेताना दिसला, तेव्हा "कशा आहात भाभी" म्हणाला, खऱ्या मायेनं म्हणाला, आणि पिशवी घेऊन पुढं गेला.

दुकान पुन्हा उघडलं होतं. पाटी तशीच ठेवायची की काढायची यावर घरात बरेच दिवस वाद झाला. शेवटी हबीबनं ती काढली आणि आत, गिऱ्हाइकाला दिसेल अशी भिंतीवर लावली. आता बेकरीचं काही येत नव्हतं. पहाटे आदीबा आणि बासित मिळून केक करायचे. बासितचा हात फेटण्यात बसला होता. तो कामाला वाघ होता, पण पहिल्यासारखा गप्पा मारायचा नाही. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. जी माणसं यायची त्यातली बरीच वेगळ्या मोहल्ल्यांतली, आणि काही जुनी, वर्षानुवर्षांची, जी काहीच न बोलता बशी पुढं ओढायची.

पण नवा माणूस आला की भिंतीकडं बघायचा आणि विचारायचा. रोज कोणी ना कोणी विचारायचंच. हबीबचा आवाज त्या प्रश्नाला आता बसायचा, म्हणून उत्तर बासितनं द्यायचं असं ठरलं होतं. सुरुवातीला तो सुरीकडं बघून बोलायचा. दिवाळीच्या आसपास एक बाई नवऱ्याबरोबर आली, पाटी वाचली आणि म्हणाली, "आता तरी नाही ना, खरं सांगा."

बासितनं सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि तिच्याकडं बघितलं. "नाही, ताई. मी स्वतः करतो. पण मागं मी खोटं बोललोय, ते तिथं लिहिलंय. तुम्हाला विश्वास वाटला तर घ्या."

बाई नवऱ्याकडं वळली. त्यांचं आपसात हळू आवाजात काहीतरी बोलणं झालं आणि ती दोघं न घेताच गेली. बासित त्यांच्या पाठीकडं बघत राहिला. फहमिदा खुर्चीवरून उठली, त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि न कापलेला कसाटा डाव्या हातानं त्याच्याकडं सरकवला. तो म्हणाला, "अम्मी, खांद्याला जोर देऊ नका." कितीतरी महिन्यांत तो पहिल्यांदाच तिच्याशी आपणहून बोलला होता. मग दोघं मिळून तुकडे करायला लागले.